सुईणीचं सूप

"मथुराबाय हायत काय घरात? वाईच लवकर बोलवा, खाडीवरची तर सुटंल."

कुंपणाच्या बेड्याशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. गोदा माजघरात दिव्यात तेल घालत होती. आईला शेवटी जिथे जमिनीवर घेतलं होतं, त्या जागी तो दिवा दहावा होईपर्यंत तेवत ठेवायचा होता, आणि खाडीवरचा वारा त्याला स्वस्थ बसू देत नव्हता. तेलाची बुधली खाली ठेवून ती दारात आली.

"आई वारली. मंगळवारी."

म्हातारा होता तिथेच पायरीवर बसला. खांद्यावरच्या पंच्याने त्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"आमच्या बाजूला कुनी बोललंच नाय ओ. बोललं असतं तर आलो असतो माती द्यायला."

मग त्याने आपलं सांगितलं. नाव आप्पा, घर खाडीपलीकडे भाट्याला. मुलगा मुंबईला गोदीत. सून हौसा पहाटे बाळंत झाली, दिवस भरले नव्हते, आठवाच चालला होता. मुलगा झाला, पण हाताच्या पंजाएवढा. रडतसुद्धा नव्हता, मांजराच्या पिल्लासारखा कुईकुई करत होता. वाडीतल्या म्हाताऱ्या जनीने नाळ कापली, पोराला न्हाऊ घातलं, सुपात निजवलं आणि 'आठव्यातलं जगत नाय' असं सांगून ती आपल्या घरी गेली.

"मिठाच्या सत्याग्रहाच्या साली आमच्या विठूच्या घरी असंच झालेलं. ते तुमच्या आवशीनं जगवलं. आज ते बकऱ्यांमागं धावतंय, शिव्या पन देतंय."

"दवाखान्यात न्या ना."

"गेलतो. डाक्टर बोलले, हितं घेऊन ये. खाडीच्या वाऱ्यातनं कसं आनू?" आप्पा उठला, दोन पावलं गेला आणि वळला. "तुमी त्यांच्याच ना? तुमाला कायतरी ठावक असंल की."

ओटीवर सखारामदादा बसला होता. गोदाला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून हा चुलतभाऊ पावस गावाहून दिवस करायला आला होता. तो म्हणाला, "गोदे, सुतकातलं माणूस घराबाहेर जात नाही. बाळंतघरी तर नाहीच नाही."

"दिव्याकडे लक्ष ठेव," गोदा म्हणाली आणि तिने पायात वहाणा घातल्या.

तिला ठाऊक होतं ते एकच वाक्य होतं. पण ते इतक्या वेळा कानावर पडलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी तिने म्हणून दाखवलं असतं. पोर आईच्या उघड्या छातीवर द्या, वरून लुगडं घाला, आणि काढू नका. मथुराबाई हे वाक्य बाळंतघरी बोलत असे, ते ठीकच होतं. पण ती ते देवळात बोले, मासळीबाजारात बोले, लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या बाईला थांबवून बोले. एकदा गोदाच्या शाळेत हळदीकुंकू होतं आणि वकिलांच्या गरोदर सुनेला तिने सगळ्या बायांदेखत चोळीची गाठ कशी सोडायची ते सांगितलं. गोदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्यानंतर शाळेतल्या कुठल्याही कार्यक्रमाचं तिने आईला कळू दिलं नाही.

ऐकत तरी कोण होतं? ज्या दवाखान्यात मथुराबाई सुईण म्हणून नोकरीला होती, तिथले डॉक्टर म्हणत, "बाई, अंगावर जंतू असतात. मूल वेगळ्या पाळण्यात, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या. हे तुमचं माकडिणीचं शास्त्र इथे नको." घराघरातल्या म्हाताऱ्या तसं म्हणत नसत. त्या मान डोलावत, "व्हय बाय, तुजंच खरं," म्हणत, आणि ही बेडं ओलांडून गेली की पोर उचलून सुपात ठेवत. सुपात तांदूळ पसरायचे, वर जुनेराची घडी, घडीवर पोर, शेजारी शेगडी. पिढ्यान् पिढ्या पोरं अशीच निजली होती. पाचवी पुजली की ते सूप, त्यातले तांदूळ आणि एक नारळ सुईणीला द्यायची रीत होती.

मथुराबाई तांदूळ वाटून टाके. नारळ खाई. सूप मात्र न्हाणीच्या चुलीत घाली. नवंकोरं, बुरडाने नीट विणलेलं सूप जळताना बघून शेजारणी हळहळत, हसतही. "मथुरे, आमाला तरी दे गो, मिरच्या वाळत घालू." ती देत नसे. काही न बोलता सूप मोडून चुलीत सारी, आणि त्या दिवशी न्हाणीचं पाणी कढत निघे. त्या पाण्याने न्हाताना गोदाला आईचा राग यायचा. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं तिला वाटे.

तरीत तिला पुढे नाळीवर, होडीच्या टोकाशी, एकटं बसवलं. तर वल्हवणाऱ्याला तिचं सुतक माहीत होतं. आप्पा खालच्या आवाजात म्हणाला, "घरात बोलू नका सुतकाचं. आमची ही वाईच कडक हाय."

बोलायची गरज पडली नाही. आप्पाची बायको चिमा घरापुढच्या खळ्यातच उभी होती. गोदाचे न विंचरलेले केस, मोकळं कपाळ, अंगावरचं साधं धुवट लुगडं, सगळं तिने एका नजरेत पाहून घेतलं.

"मथुरा कुठाय?"

"मथुराबाय गेल्या," आप्पा म्हणाला. "ही त्यांची लेक. शाळेत मास्तरीण हाय."

"गेली? कदी?"

"मंगळवारी," गोदा म्हणाली.

चिमाने कपाळावर हात मारला. तो मथुराबाईसाठी होता की नवऱ्यासाठी, ते कळलं नाही. "आवो, दहावा झाला नाय अजून! सुतकातली बाय बाळंतिनीच्या दारात आनलात? अक्कल काय तरीतच इसारलात? गो बाय, तुज्या आवशीला देव बरी गती देवो. पन तू पुढं येव नको. तिकडं गडग्याशी बस."

गोदा कुंपणाच्या दगडी गडग्याशी बसली. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी तिथून चारपाच हातांवर होती. लाकडी गजांची, आतून गोणपाट लावलेली. गोणपाटाच्या फटीतून धुरीचा वास येत होता, ओवा आणि बाळंतशेपा. आतून एक बारीक आवाज आला आणि थांबला.

"मूल कुठे आहे?"

"सुपात. आनि कुठं?"

"ते त्याच्या आईच्या छातीवर द्या. उघड्या छातीवर. वरून लुगडं घाला."

"आलं!" चिमा म्हणाली. "मथुरेचं आलंच. ती पन विठूकडं हेच सांगत बसलेली."

"ते पोर जगलं ना?"

"ते मुळातच दांडगं जनावर हाय. सुपात घातलं असतं तरी जगलं असतं."

शाळेत चौथीचा वर्ग आवरण्याची गोदाला सवय होती. तिने आवाज सम ठेवला. "हे बघा, अशा मुलाच्या अंगात स्वतःची ऊब धरून ठेवायची ताकद नसते. ती बाहेरून द्यावी लागते."

"मंग शेगडी काय बर्फाची हाय?"

"शेगडीची ऊब एकाच अंगाला लागते. दुसरं अंग गार पडतं."

"मंग उलथू की. भाकरी उलथतो तसं."

आप्पा हसला. चिमाने त्याच्याकडे पाहिल्यावर तो विहिरीकडे बघू लागला.

गोदाने पुन्हा सांगितलं. निराळ्या शब्दांत सांगितलं. कोंबडीचं उदाहरण दिलं, चिमा म्हणाली, "कोंबडी रातचं कूस बदलत नाय." आईची धडधड ऐकून मुलाचा श्वास चालतो, असं आई म्हणायची. तेही तिने सांगितलं, आणि सांगताना ते तिला स्वतःलाच खरं वाटेना. ऊन वर आलं. जांभ्याचा दगड तापला. घशाला कोरड पडली होती, पण तिला पाणी द्यायचं तर कुठल्या भांड्यातून, हा प्रश्न त्या घराला पडला असता, म्हणून तिने मागितलं नाही. इतकं साधं सांगणं होतं. काही आणायचं नव्हतं, कुठे न्यायचं नव्हतं, कसलं औषध पाजायचं नव्हतं. पोर सुपातून हातभर पलीकडे ठेवायचं होतं. आणि तेवढं अंतर तिच्याने कापलं जात नव्हतं.

"तुम्ही स्वतः आत जाऊन त्याचे पाय तरी पाहा," ती म्हणाली. आता आवाज सम राहिला नव्हता.

"मी शिवले तर रांधील कोन? सारकी आंगोळ करत बसू? जनी येईल सांजच्याला."

"सांजपर्यंत काय होईल ते दिसतंच आहे."

चिमा उंबऱ्यावर टेकली आणि बाजारात काय भाव होता ते सांगावं, अशा आवाजात बोलू लागली. "माजा पयला असाच कुशीत घेतलेला मी. सोळा वर्साची होते. थंडीचे दीस, पोर कुडकुडतंय, म्हनून सासूची नजर चुकवून सुपातनं काडला नि जवळ घेतला. सकाळी माज्या दंडाखाली होता. निळा. म्हनून सूप. सुपात कुनाचा दंड येत नाय."

घरोघर फिरताना आईला हे कितीदा तरी ऐकावं लागलं असणार. ती काय म्हणत असेल? गप्प बसत असेल? काहीतरी म्हणत असलीच पाहिजे. पण गोदाच्या वाट्याला आईचं ते एकच वाक्य आलं होतं. पुढचं ऐकायला ती कधी थांबलीच नव्हती.

ती उठली, लुगड्याची धूळ झटकली. आईसुद्धा अशीच उठत असेल. अशीच घरी येऊन, एक शब्द न बोलता, चुलीपुढे बसत असेल.

"मास्तरीनबाय, गेलाव काय?"

आवाज खिडकीतून आला. सकाळपासून हौसा पहिल्यांदाच बोलली होती.

"नाही. आहे."

"ह्याचे पाय गार लागतत ओ. मगाशी कोमट होते."

चिमा उंबऱ्यावरून ओरडली, "शेगडीत कोळसं टाक दोन."

"टाकलं, आत्याबाय. तरी गार हायत."

गोदा खिडकीच्या दिशेने एक पाऊल पुढे गेली. चिमाने "हां, हां" केलं, तशी ती थांबली. जे बोलायला तिला लहानपणापासून नको वाटायचं, ते ती तिथूनच बोलली. बाळंतघरांतून, बाजारातून आई तिचा दंड धरून लोकांना तेच सांगायची, 'ही बघा, ही', आणि गोदा दंड सोडवून घ्यायची.

"हौसा, मी आठव्यातलीच आहे. बोटीवर जन्मले. माझे वडील मुंबईत प्लेगने गेले, आणि आई तशीच बोटीने इकडे निघाली. दाभोळच्या अलीकडे ती डेकवर बाळंत झाली. तिथे सूप नव्हतं, शेगडी नव्हती. आणि ती सुतकात होती." शेवटचं वाक्य चिमाकडे पाहून बोलायचं तिने ठरवलं नव्हतं, पण ती तिच्याकडेच पाहत होती. "नवऱ्याचं सुतक. डेकवर बाया होत्या, त्या लांबून बघत राहिल्या. एकीने नाळ कापायला लांबून सुरी टाकली. माझ्या आईला कुणी शिवलं नाही, म्हणून मला तिच्यापासून कुणी उचललं नाही. तिने मला चोळीच्या आत घातलं आणि वरून पदर गुंडाळला. बंदर येईपर्यंत मी तिथेच होते."

वाऱ्यावर माडाची झावळं घासत होती. आतून हौसा म्हणाली, "तुमची आवस झोपली नाय?"

बोटीची गोष्ट गोदाने इतक्यांदा ऐकली होती. पण बाळंतपणाने गळून गेलेली, नवरा जाळून आलेली ती पोरगी डेकवर रात्रभर जागी राहिली का, राहिली असेल तर कशी, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. विचारायला आता जागा नव्हती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी विचारलंच नाही तिला."

"मला झोप लागंल ओ. डोळं मिटतायत सारकं."

"मी इथे बसते. मी बोलत राहीन. हाक मारीन, तू ओ द्यायचीस. ओ आली नाही तर मी ओरडेन. कुणाला शिवावं न लागता एवढं तर होईल?"

हे ती चिमाला विचारत होती. चिमा गोणपाटाकडे बघत बसली होती.

आत सूप सरकल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ कापडाची सळसळ. मग हौसा दचकून म्हणाली, "आग आई गं, काय थंड हाय हा!" आणि त्यानंतर, हळू, "घेतला."

गोदा बोलत राहिली. काय बोलावं ते सुचेना, म्हणून तिने चौथीचं भूगोलाचं पुस्तक सुरू केलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे, मग खाड्या, मग बंदरं. "हौसा?" "व्हय." वाशिष्ठी, शास्त्री, काजळी. "हौसा?" "व्हय. काजळी तर ही दारातली." नद्या संपल्या तेव्हा पाढे झाले, पाढे संपले तेव्हा शाळेतल्या पोरींची नावं आणि त्यांच्या खोड्या. ऊन डोक्यावर आलं. कुणीतरी तिच्यापासून हातभर लांब नारळाच्या करवंटीत पाणी आणून ठेवलं होतं. मान वर केली तेव्हा चिमाची पाठ दिसली. करवंटी टाकून देता येते, म्हणून करवंटी. गोदा ते पाणी प्यायली.

"हौसा?"

ओ आली नाही.

"हौसा!"

गोदा उभी राहिली. आपण कुठे उभं राहायचं नाही हे विसरून ती खिडकीशी गेली आणि तिने गज धरले. गोणपाट आतून बाजूला झालं. चिमाचा चेहरा तिथे होता.

"बोंबलू नको. निजलीय ती." चिमा खाटेला टेकून जमिनीवर बसली होती. तिचा एक हात वर खाटेवर, हौसाच्या पदरात गेला होता, कोपरापर्यंत. "मी हाय जागी. माज्या हाताखाली हाय तो. हात हालला की कळतंय मला."

"पाय?"

चिमाने हात किंचित सरकवला. "कोमट हायत," एवढंच म्हणाली. मग ओटीच्या दिशेने मोठ्याने, "आवो! भात तुमी टाका आज. मी शिवलंय."

आप्पाने टाकलेल्या भाताचा करपट वास खळ्यात आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेवटच्या तरीची वेळ होत होती. हौसा जागी झाली होती. पोर तिथेच होतं, एकदा शिंकलं होतं असं ती कौतुकाने सांगत होती. गोदाने पुन्हा पुन्हा सांगितलं, रात्रभर काढू नका, जनी आली तरी काढू नका, पुन्हा न्हाऊ घालू नका. सांगताना तिला कळत होतं की उत्तर म्हणून फक्त माना डोलताहेत. ते पाहून आई कशी घरी यायची, ते तिला माहीत होतं.

बेड्यापाशी पोचली तेव्हा मागून हाक आली. चिमा मागच्या दाराने बाहेर आली होती. तिच्या हातात सूप होतं. तांदूळ तसेच होते, वरची घडी मात्र काढलेली होती, आणि एक नारळ. ते तिने गडग्यावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरली.

"हे सुईनीचं."

"पाचवी झाल्यावर द्यायचं ना? अजून..." गोदा थांबली.

"घेऊन जा. घरात ऱ्हायलं तर रातचं मीच घालीन त्याला त्यात." चिमाने गडग्याकडे पाहिलं. "माजं मला ठावक हाय. आनि दहावा होईपरेंत परत येव नको. मागनं ये."

गोदाने सूप उचलून कमरेवर घेतलं. चिमा शेणाचं पाणी आणायला वळली होती. दिवसभर गोदा जिथे बसली होती तिथे ते शिंपडायचं होतं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. सखारामदादा ओटीवरच होता. "दिवा दोनदा विझला," तो म्हणाला. "वारा ऐकतच नाही." मग त्याचं लक्ष सुपाकडे गेलं. "हे काय? सुतकात दान घेतलंस?"

"आईचं आहे."

न्हाणीची चूल पेटलेली होती. गोदा चुलीपाशी क्षणभर उभी राहिली. मग आत आली, तांदूळ परातीत काढले, नारळ कोनाड्यात ठेवला. सुपाला धुरीचा वास होता. तिने ते झटकलं नाही. माजघरात जिथे आई निजली होती तिथे गुडघे टेकून बसली, दिवा लावला, आणि रिकामं सूप भिंतीला टेकवून खाडीच्या बाजूने दिव्याच्या आड उभं केलं.

ज्योत एकदा हलली आणि सरळ झाली.